वॉटरकलरला बादली लागत नाही, दोन वाट्या पुरतात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांचं पत्र होतं, सुट्टीत मुलांच्या हातात वॉटरकलर देऊ नका म्हणून. पसारा होतो, कागद फाटतो, मुलं रडकुंडीला येतात आणि सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यात हे असले लाड कुठं परवडतात, त्यापेक्षा तेलखडू द्या आणि मोकळे व्हा, असं एकूण म्हणणं. वाचून राग काही आला नाही कारण कागद फाटतो हे खरंय, पोरं रडतात हेपण खरंय. पण त्यांनी सगळं खापर रंगावर आणि पोरांवर फोडलंय आणि दोघांचाही तसा काही दोष नाही, दोष आहे तो कागदाचा. म्हणून जरा सविस्तर लिहिते, जागा कमी पडली तर कात्री लावा पण कागदाचा भाग तेवढा ठेवा.

मी काही चित्रकार नाही, ड्रॉईंगच्या बाईपण नाही. आमच्या अपार्टमेंटमधे उन्हाळ्यात दुपारी जिन्याखालच्या गार फरशीवर पोरं जमतात, कुणाची आई युनिफॉर्म शिवायच्या युनिटला गेलेली, कुणाची विड्या वळायला, आणि काकू बघतील की म्हणून सगळी गँग माझ्याकडे. मोबाईल काढून घेतला तर हातात काहीतरी द्यायला लागतं ना. तर त्यातनं जे जमलं ते सांगते.

आधी पाण्याचंच बोलू, कारण आपल्या गावात तो मुद्दा आला की पुढचं कुणी ऐकतच नाही. एका पोराला दोन वाट्या पाणी पुरतं, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात कालवायला स्वच्छ. दोन्ही मिळून साधारण ग्लासभर पाणी. कूलरमधे दिवसभरात आपण किती ओततो त्याचा हिशोब कोण ठेवतं का? आणि सांडतं म्हणाल तर सांडतं कारण आपण पोरांना उभा ग्लास देतो, कोपर लागला की आडवा. बूड रुंद असलेली स्टीलची वाटी द्या, नाहीतर पसरट डबा, बघा सांडतं का. काम झालं की ते गढूळ पाणी संडासात ओता म्हणजे तेवढं फ्लशचं पाणी वाचलं, हे माझं नाही, एका पोराच्या आज्जीचं डोकं. तुळशीत मात्र ओतू नका, रंगावर विषारी नाही असं लिहिलेलं असलं तरी.

आता कागद. शाळेच्या ड्रॉईंगच्या वहीचा कागद पेन्सिल आणि खडूसाठी ठीक असतो. त्यावर पाणी पडलं की तो फुगतो, पापडासारखा वर येतो, मग खळग्यात रंग साचतो, पोरगं ते साचलेलं ब्रशनं घासतं आणि दोन-चार वेळा घासलं की कागदाचा लगदा निघायला लागतो. झेरॉक्सचा कागद ७० नाहीतर ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम, तो तर पाण्याला टिकतच नाही. वॉटरकलरसाठी म्हणून जो कागद मिळतो तो ३०० जीएसएमचा घेतला तर विषयच मिटतो. पण जाडी ही अर्धीच गोष्ट. दुसरं म्हणजे सायझिंग. हा शब्द सोलापूरकराला शिकवायची गरज नाही, मागावर ताणा चढवायच्या आधी सुताला कांजी देतात, नाहीतर सूत घासून घासून तुटतं, तसंच कागदालापण खळ दिलेली असते म्हणून पाणी लगेच आत मुरत नाही, थोडा वेळ वर राहतं आणि तेवढ्या वेळात पोराला रंग पसरवता येतो. खळ नसलेला कागद टिपकागदासारखा वागतो, ब्रश जिथं टेकला तिथंच रंग बसतो, पुढं सरकतच नाही. मग पोरगं म्हणतं मला येत नाही. आई म्हणते याला चित्रकलेचं अंगच नाही. अरे पण कागदाला विचारा की आधी!

ओळखायचं कसं, तर पाण्याचा एक थेंब टाकायचा. क्षणात शोषला गेला तर तो कागद नको. थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला, पसरतच नाही, तर तो चकचकीत कोटिंगचा, तोपण नको. हळूहळू पसरून बसला तर चांगला. या टेस्टवर जुन्या लग्नपत्रिका तपासून घ्या, त्यातल्या काही जाड आणि बिनचकचकीत असतात, त्यांची कोरी बाजू मस्त चालते. आमच्याकडे पोरांना हा थेंबाचा खेळ इतका आवडला की घरातल्या झाडून सगळ्या कागदांवर थेंब टाकून झाले, लाईटबिलावरसुद्धा.

३०० जीएसएमचा कागद महाग असतो हे खरंय, पण तयार पॅड घेऊ नका, सुटा फुल शीट मागा. तो २२ बाय ३० इंचाचा असतो, त्याला अर्धा, परत अर्धा करत गेलं की साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे होतात. एवढा तुकडा लहान पोराला भरपूर झाला, मोठा कागद दिला की पोरं मधेच कंटाळतात आणि उरलेल्यात आकाश म्हणून निळा फासतात. चार घरांनी मिळून एक शीट घेतला तर कुणाच्याच खिशाला जाणवत नाही.

ब्रश आणि रंगांचं थोडक्यात. रंगाच्या डबीत जो काडीसारखा ब्रश येतो तो बाजूला ठेवून द्या, त्याच्यात पाणीच मावत नाही. ८ किंवा १० नंबरचा गोल ब्रश घ्या, एकच घ्या. रंग बारा वड्यांची साधी डबी चालते, फक्त सुरू करायच्या आधी प्रत्येक वडीवर पाण्याचा एकेक थेंब टाकून पाच मिनिटं ठेवा, नाहीतर पोरं दगड घासल्यासारखी घासत बसतात आणि ब्रशचे केस जातात. रंग कालवायला पांढरी चिनी मातीची बशी, कडा उडालेली असली तरी चालेल, स्टीलवर रंग नीट कळत नाही. आणि हात पुसायला जुना बनियन. झालं सामान.

आता करायचं काय. आमच्याकडे जे सगळ्यात जास्त चाललं ते म्हणजे मेणबत्तीची चादर, म्हणजे कागदावर मेणबत्तीनं चादरीचं डिझाईन काढायचं आणि वरनं रंग फिरवायचा. कल्पना जुनीच आहे, मेणावर पाणी ठरत नाही, तेवढंच, पण सोलापुरात ती अगदी फिट्ट बसते, कारण आपल्या चादरीवरचं डिझाईन चौकटी-चौकटींचं, पायऱ्या-पायऱ्यांचं असतं, त्यात गोलाई काढायची कटकट नाही. पाच वर्षाच्या पोरालापण पायरी काढता येते. आणि गडद मरून, नेव्ही ब्लू नाहीतर बॉटल ग्रीनवर पांढरं उठून दिसतं ते मेणातनं आपोआप येतं.

कागदाचा तुकडा पाटावर किंवा पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवायचा. त्यामुळे कागद वळत नाही आणि शेवटी टेप काढली की चहूबाजूंनी सरळ पांढरी पट्टी मिळते, नुसत्या त्या पट्टीनं चित्र एकदम फ्रेम केल्यासारखं दिसतं. पेन्सिलनं हलक्या हातानं सेंटीमीटर-सेंटीमीटरची चौकट आखून द्या, मोठी पोरं स्वतः आखतात. मग साधी पांढरी मेणबत्ती घ्यायची, तिचं मागचं टोक ब्लेडनं तिरकं तासून द्यायचं, ते मोठ्यांनी करा, आणि कुठली घरं पांढरी ठेवायची ती त्या टोकानं घासून भरायची. जोर लावून घासायचं बरं का, हलक्या हातानं मेण नुसतं कागदाच्या उंचवट्यावर बसतं. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही, पोरं सारखी विचारतात काकू उठलं का, तर कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरायचा, मेण चमकतं. फरशीवर ठेवूनच घासा, गादीवर बसून केलं की दाब लागत नाही.

मग रंग. बशीत एकच गडद रंग भरपूर कालवायचा, कमी कालवला तर मधेच संपतो आणि दुसऱ्यांदा कालवलेला कधीच तसा येत नाही. मरून पाहिजे तर क्रिमझनमधे थोडा निळा, बॉटल ग्रीन पाहिजे तर प्रशियन निळ्यात लेमन यलो. पाहिजे त्यापेक्षा एक शेड गडद ठेवा कारण वॉटरकलर वाळला की फिका पडतो. पाटाच्या वरच्या बाजूखाली एखादं पुस्तक सारून जरासा उतार द्यायचा, ब्रश भरून घ्यायचा आणि वरनं डावीकडून उजवीकडं एक ओळ. खालच्या कडेला रंगाची थेंबांची माळ साचते ती पुढच्या ओळीनं ओढत खाली आणायची, असं करत तळापर्यंत. मागं जाऊन परत फिरवायचं नाही, हे एकच वाक्य मी पोरांना सारखं सांगते. तळाशी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्यायचं.

आणि ज्या क्षणी मेणावरनं रंग पळून जातो आणि पांढरी पायरी, पांढरी चौकट वर येते ना, तेव्हा पोरं जे ओरडतात ते तुम्ही ऐकायला पाहिजे. एक पोरगं ओरडलं, "काय बे हे, आपोआप आलं की!" नुसत्या तेलखडूनं हे होत नाही हो. खडू तुम्ही जिथं फिरवाल तिथंच बसतो, इथं पाणी स्वतः काहीतरी करतं आणि पोरगं बघत राहतं, म्हणून तर मी त्या पत्राला उत्तर लिहायला बसले.

शेजारच्या तेलुगू घरातला एक पोरगा डिझाईन काढताना अडला, पक्षी काढायचा होता आणि चौकटीत बसेना. त्याचे तात, म्हणजे आजोबा, दारात खुर्ची टाकून बसले होते, उभं आयुष्य जेकार्डच्या, म्हणजे डिझाईन विणायच्या, मागावर गेलेलं, आता ऐकायला कमी येतं. ते उठले, पोराच्या मागं उभे राहिले आणि बोट ठेवत मोजायला लागले, इथं चार घरं, मग एक घर वर, मग तीन घरं, मग परत एक. पक्ष्याची चोच, मान, पाठ सगळं घरं मोजून. म्हणाले, ग्राफवर असंच असायचं, त्यावरनं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, भोक असेल तिथं दोरा उचलतो नसेल तिथं नाही. जेकार्डचा माग फ्रान्समधे १८०४ च्या सुमाराला आला असं पुस्तकात असतं, पण तो चालतो कसा हे त्या दुपारी पोरांना चार फुटांवरनं कळलं. पोरानं पक्षी भरला, वरनं मरून टाकला. तात ते चित्र पॅन्टच्या खिशात घालून खाली चहाला गेले, तिथं कुणाकुणाला दाखवलं असेल ते त्यांनाच माहीत. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून आपण फार अभिमानानं सांगतो, पण घरातल्या पोराला त्या डिझाईनमधलं एक घर मोजता येत नाही.

मोठ्या पोरांसाठी पुढची पायरी. आधी सगळ्या कागदावर फिकट पिवळा, तो पूर्ण वाळला की त्यावर मेण, मग वरनं लाल, वाळला की परत थोडं मेण आणि शेवटी गडद निळा. मेणाखाली जो जो रंग झाकला तो तो राहतो, पिवळा, लाल आणि बाकी काळपट जांभळा. बाटिकचं कापड असंच करतात. इथं घाई चालत नाही, एकपण थर ओला असेल तर मेण बसत नाही. शेवटी मेण काढायचं असेल तर चित्राच्या खाली आणि वर साधा कोरा कागद, त्यावर जुना पेपर आणि कोमट इस्त्री, मेण वितळून कागदात जातं. कोरा कागद मधे ठेवाच, नाहीतर तुमच्या बातम्या चित्रावर छापून येतील. इस्त्री अर्थात मोठ्यांनीच फिरवायची.

वाळल्यावर दोन्ही आखूड बाजूंना कात्रीनं बारीक चिरा दिल्या की चादरीला दशा आल्या. मधे घडी घातली की ग्रीटिंग, उभा कापला की बुकमार्क. आमच्याकडे एका पोरीनं बाहुलीच्या पलंगावर टाकली.

आता आपल्या हवेचं, कारण पुस्तकात आणि व्हिडिओत जे सांगतात ते बहुतेक दमट नाहीतर थंड ठिकाणचं असतं. एप्रिल-मे मधे इथं पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी ठक्क, दुपारी ओला कागद बघता बघता वाळतो. ओल्यावर ओला रंग सोडायची जी पद्धत आहे, ढग, आकाश वगैरे, ती दुपारी दोनला करायला गेलात तर रंग पसरायच्या आधीच कड धरतो, आणि मग अर्धवट वाळलेल्यात पोरगं परत पाणी सोडतं तेव्हा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. ते बघून पोरं नाराज होतात. उपाय सोपा आहे. सकाळी नऊच्या आत करा. कागद टेपनं न चिकटवता दोन्ही बाजूंनी ओला करा आणि प्लास्टिकच्या शीटवर किंवा फरशीवर तसाच पसरा, खालच्या बाजूचं पाणी त्याला बराच वेळ ओलं ठेवतं. आणि पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे शत्रुत्व घेणं आहे हे मला माहितीय, पण दहाच मिनिटं हो. मेणबत्तीच्या चादरीला मात्र हीच हवा फायद्याची, एक थर घातला आणि ताक पिऊन आलं की वाळलेला.

मिठाचा प्रकारपण करून बघा. गडद निळा नाहीतर जांभळा भरपूर ओला लावायचा आणि पाण्याची चकाकी जायला लागली की खडेमीठ चिमटीनं टाकायचं. मीठ पाणी ओढून घेतं, रंग सरकतो आणि प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. फार ओल्यात टाकलं तर मीठ विरघळून जातं, वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही, आणि आपल्याकडे तो मधला वेळ फार थोडा मिळतो म्हणून मीठ आधीच हातात घेऊन बसायचं. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं. पोरांनी याला लगेच आपल्या गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम करून टाकलं, होम मैदान, खाली गर्दीची डोकी म्हणून काळे ठिपके. एकानं फटाक्याचा आवाजपण कोपऱ्यात लिहिला, ढूम्म.

सिद्धेश्वराचं देऊळ तलावात असल्यामुळे आणखी एक गंमत जमते. कागद मधे आडवी घडी घालून उघडायचा, वरच्या अर्ध्या भागात देऊळ चांगलं ओलं ओलं रंगवायचं आणि लगेच घडी मिटून वरनं तळहातानं दाबायचं. खाली फिकट उलटं देऊळ उमटतं, तलावातल्या प्रतिबिंबासारखं थोडं पुसट, थोडं तुटक. कळस आधी, भिंती मग असं भागाभागानं करत दर वेळी दाबत गेलं तर वाळायची भीती राहत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातलं माळाचं गवत तर सोप्याहून सोपं, मेणबत्तीच्या कडेनं उभ्या रेघा मारायच्या, वरनं पिवळसर मातकट रंग, झालं सुकलेलं गवत. त्यात एक काळवीट नाहीतर माळढोक काढायचा. माळढोक काढताना पोरांनी त्याला कोंबडी केलं तर हसू नका, तो आता आपल्यालाच कुठं दिसतो.

हसण्यावरनं आठवलं, पोरांपेक्षा मोठ्यांना सांभाळायला जास्त लागतं. आई संध्याकाळी येते, कागद बघते आणि म्हणते, हे काय काढलंयस, थांब मी दाखवते. आणि मग दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. सोलापुरात जन्मलेल्या पोराच्या चित्रात नारळ आणि नदी! आपल्या गच्चीवरनं काय दिसतं, पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, लांबवर माळ. आमच्या पोरांनी कुणी सांगितल्याशिवाय काय काढलं माहितीय का, साखर कारखान्याची चिमणी पडताना. २०२३ च्या जूनमधे ती पाडली तेव्हा सगळ्या गावानं व्हिडिओ बघितला, पोरांच्या डोक्यात तो आहे. धूळ दाखवायला त्यांनी ओल्या कागदावर करडा रंग सोडला आणि पाण्यानं तो जसा पसरवला ना, तसा मला सात जन्मात जमला नसता. ते चित्र एका आईनं "अशुभ" म्हणून फ्रिजवर लावू दिलं नाही.

दुसरा त्रास मार्कांचा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली की दहावीला वाढीव मार्क मिळतात, म्हणून तिसरीतल्या पोराला आत्तापासून तयारी करून द्या म्हणणारे आहेत. परीक्षा चांगलीच आहे, मीपण दिली होती, पण आठ वर्षाच्या पोराला रंग रेषेबाहेर गेला म्हणून ओरडायचं काय कारण? पाणी बाहेर जाणारच, ते त्याचं कामच आहे.

वॉटरकलरमधे सहसा पांढरा रंग वापरत नाहीत, पांढरं जे दिसतं तो खालचा कोरा कागद, हे एकदा पोरांच्या लक्षात आलं की निम्मं काम झालं. मैसूरला जगनमोहन पॅलेसमधे हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र आहे, सुट्टीत जाणारे सगळे ते बघतात आणि निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचं समजून परत येतात. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि वॉटरकलरमधलं आहे. तिच्या बोटांतनं आणि चेहऱ्यावर जो उजेड दिसतो तो कागद उजळ ठेवून, थर पातळ ठेवून आलेला आहे. पोरांना मोबाईलवर ते दाखवलं आणि सांगितलं की हा उजेड रंगाचा नाही कागदाचा, तर एक पोरगं म्हणालं मग आपली मेणबत्ती तेच करतीय की. बरोबरच बोललं.

संपादक साहेब, आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या पुरवणीत मुलांसाठी रंगवायला म्हणून जी छापील चित्रं येतात, हत्ती, फुगा, सांताक्लॉज, त्यावर पाणी घातलं की न्यूजप्रिंट विरघळतं, तेव्हा ती खडूचीच राहणार. त्याऐवजी उन्हाळ्याचे दोन महिने त्या जागेत चादरीचं एकेक जुनं डिझाईन ग्राफवर छापा. घरं मोजता येतील एवढं मोठं छापा, पोरं ते बघून आपल्या कागदावर उतरवतील. गावात जेकार्डवर काम केलेली म्हातारी माणसं अजून आहेत, साखर पेठेत जा, अशोक चौकाकडे जा, त्यांच्या डोक्यात नाहीतर माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या कागदात ही डिझाईनं असतील, तुमचा बातमीदार चार दुपारी फिरला तरी मे महिना निघेल. स्पर्धा मात्र ठेवू नका. स्पर्धा ठेवली की सगळ्या चादरी आया काढतील.

आणि स्टेशनरीवाल्यांना तुमच्या पेपरातनं एक सांगा, सुटा फुल शीट मागितला की "पॅडच घ्या" म्हणतात. कापून पाव शीट, अर्धा पाव विकायला ठेवा म्हणावं, शाळा सुटायच्या आठवड्यात हातोहात जाईल.

ज्यांनी ते पत्र लिहिलं त्या पालकांना माझ्याकडनं एक लग्नपत्रिका आणि एक मेणबत्ती. पाणी त्यांचं त्यांनी घ्यावं, दोन वाट्या.

आपली,
एक वाचक काकू, सोलापूर

ता.क. मास्किंग टेप स्टेशनरीत महाग वाटली तर हार्डवेअरच्या दुकानात बघा, गाड्या आणि भिंती रंगवणारे जी कागदी टेप वापरतात ती चालते. चिकटवायच्या आधी एकदा कपड्याला लावून उचलायची म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो. काढताना चित्र खडखडीत वाळल्यावर, चित्राच्या बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत, सावकाश. पोरं घाई करतात आणि कागदाची साल निघते. चोखायची सवय असलेल्या पोरांना ब्रशचं टोक तोंडात घालू देऊ नका, त्यांना टोक करायला बनियनचा कपडा द्या.